चादरीची चार टोकं

मागच्या रविवारी माझी लेक एक वाक्य बोलली आणि ते अजून डोक्यातून जात नाहीये. भांडण नव्हतं की उलट उत्तर नव्हतं, तिने फक्त माहिती दिली, ‘बाहेर पाऊस पडतोय’ म्हणावं तशी. झालं असं की सकाळपासून मी आवरत होते. रविवारचं आवरणं म्हणजे काय ते सांगायला नको, एक टॉवेल उचलायला गेलं की त्याच्याखाली चार्जर सापडतो, चार्जर ठेवायला ड्रॉवर उघडला की ड्रॉवरच आवरायला होतो, आणि तासाभराने बघावं तर घर आधीपेक्षा जास्त पसरलेलं आणि आपण मधोमध उभ्या. तर असा एक ओला टॉवेल हातात घेऊन मी लेकीला शोधत आतल्या खोलीत गेले, तर बाईसाहेब पलंग आणि भिंत यांच्यामधल्या वीतभर जागेत पुस्तक घेऊन बसलेल्या. म्हटलं, अगं इथे काय करतेयस? तर मान वर न करता म्हणाली, “तू आवरायला लागलीस ना, म्हणून.”

म्हणून काय?

“तू आवरायला लागलीस की मी इथे येते. दादा गच्चीत जातो. बाबा आंघोळीला जातात.”

इतकं सांगून तिने पान उलटलं. मी तिथेच उभी. टॉवेलमधून पाणी पायावर ठिबकत होतं तेही लक्षात आलं नाही. पहिल्यांदा आला तो राग, खोटं कशाला बोलू. जिभेवर वाक्य तयारच होतं, ‘आणि मी हे सगळं करते कोणासाठी?’ ते बाहेर पडणार तेवढ्यात कळलं की हे वाक्य माझं नाहीच, हे आईचं आहे, तिच्या आवाजासकट, ‘कोणासाठी’वरच्या त्या जोरासकट. म्हणून गिळलं. पण घशात अडकून राहिलं ते राहिलंच. दहा वर्षांच्या मुलीने आमच्या घराचा नकाशा काढून दिला होता, वादळ आलं की कोणी कुठे लपायचं याचा. सगळ्यांच्या जागा ठरलेल्या. आणि वादळाला तेवढा पत्ता नाही.

आमच्या लहानपणी असा नकाशा कानांनी वाचायचा असायचा. आई बोलून रागवायची नाही फारशी, तिचं सगळं बोलणं भांड्यांतून चालायचं. झाकण ठेवलं, झाकण टाकलं आणि झाकण आदळलं, हे तीन वेगवेगळे आवाज आहेत आणि ते मी आजही झोपेत ओळखीन. ठेवलं तर सहलीच्या पैशांचा विषय काढायला हरकत नाही. टाकलं तर जेवण होईपर्यंत थांबायचं. आदळलं तर आज विषयच नाही, आज स्वतःहून पुस्तकं उघडून बसायचं आणि मोठ्याने वाचायचं. मी आणि भाऊ एकमेकांकडे नुसतं बघायचो, बोलायची गरज नसायची. गंमत म्हणजे मी एवढी वर्षं स्वतःला सांगत आलेय की माझी आई फार शांत होती. मध्ये एकदा भावाशी बोलताना मी असं म्हणाले तर तो फोनवर इतका हसला की मला राग आला. तो म्हणाला, “तू चादरी घडी करणारी आई लक्षात ठेवलीस, मी बाकीची.”

चादरी.

संध्याकाळी वाळलेले कपडे काढले की लहान कपडे आई एकटी घडी करायची, पण डबलबेडच्या चादरीला दुसरं माणूस लागतं. मग मला हाक. मी दोन टोकं धरायची, तिने दोन, आणि दोघींनी मागे मागे सरकायचं, चादर ताठ होईपर्यंत. मग ती मनगटाला एक झटका द्यायची, फट्ट असा आवाज यायचा आणि ती लाट कापडातून धावत येऊन माझ्या बोटांवर फुटायची. दर वेळी माझ्या हातून एक टोक सुटायचं. मग उन्हाचा तो कोरडा करकरीत वास नाकात, आणि आई चालत माझ्याकडे यायची, तिची टोकं माझ्या टोकांवर ठेवायची, बोटांना बोटं लागायची, आणि खाली वाकून मधली घडी उचलून पुन्हा मागे जायची. मी बुटकी, त्यामुळे माझ्या बाजूने चादर लोंबायची आणि जमिनीला लागायची. आई त्यावर कधी काही बोलली नाही. ती स्वतः गुडघ्यात थोडी वाकायची, माझ्या उंचीला. आता विचार करते तर वाटतं, अख्ख्या दिवसात आईचे दोन्ही हात अडकलेले आणि तोंड माझ्याकडे, असं फक्त त्या वेळी व्हायचं. बाकी दिवसभर तिची पाठ. तिच्या पाठीशीच मी शाळेतल्या गोष्टी बोललेय.

तर भाऊ म्हणतो तेही खरंच असणार. झाकण आदळणारे हात आणि चादरीला लाट आणणारे हात एकाच बाईचे. मला हे कळायला चाळिशी उलटावी लागली, आणि तेही लेकीने सांगितल्यावर.

घर करायचं म्हणजे काय असतं याची लग्नाच्या वेळी आमच्या दोघांची कल्पना अगदी फर्निचरछाप होती. पडदे कुठल्या रंगाचे, सोफा खिडकीकडे तोंड करून की भिंतीकडे, यावर आम्ही अख्ख्या संध्याकाळी घालवल्यात. घर म्हणजे वस्तू आणून ठेवायच्या असं वाटायचं. वस्तू आणून झाल्या आणि मग खरं काम सुरू झालं, ते दिसत नव्हतं म्हणून त्याला नावही नव्हतं. कुठली वस्तू कुठे आहे, काय संपत आलंय, कोणाचे बूट पुढच्या महिन्यात आखूड होणार, कोणाची लस कधी, गळणाऱ्या नळाचा वायसर किती दिवस दम धरील, कोणाशी काय बोलायचं नाहीये सध्या. हे सगळं एका डोक्यात सतत चालू, मोबाइलमध्ये मागे चालू राहणाऱ्या अॅपसारखं, आणि बॅटरी का उतरतेय हे कोणाला कळत नाही. नवरा माझा चांगला माणूस आहे, हे मी तो वाचेल म्हणून लिहीत नाहीये. सांगितलेलं काम तो मनापासून करतो. पण “नेलकटर कुठंय गं?” हा प्रश्न तो सोळा वर्षं विचारतोय आणि नेलकटर सोळा वर्षं त्याच ड्रॉवरमध्ये आहे.

२०१९ साली अॅलिसन डॅमिंजर नावाच्या समाजशास्त्राच्या संशोधिकेने ३५ जोडप्यांशी बोलून यावर एक शोधनिबंध लिहिला. तिने घरातल्या डोक्याच्या कामाचे चार भाग पाडले. पुढे काय लागणार ते आधीच ओळखणं, त्यासाठी कायकाय पर्याय आहेत ते शोधणं, ठरवणं, आणि मग ते झालं की नाही यावर लक्ष ठेवणं. त्यातलं ठरवणं बऱ्यापैकी दोघं मिळून करतात. पहिलं आणि शेवटचं मात्र जास्त करून बायकांकडे. मी हे वाचलं आणि ऑफिसमध्ये एकटीच हसले, कारण सोफा आम्ही दोघांनी ठरवला होता, पण सोफा आता खचलाय आणि त्याच्या आत स्प्रिंग कुरकुरतेय हे फक्त मला ऐकू येतं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २०१८चा आकडा आहे की जगात दररोज १६.४ अब्ज तास बिनपगारी घरकामात आणि सांभाळण्यात जातात आणि त्यातले तीन चतुर्थांशपेक्षा जास्त बायकांचे. इतका मोठा आकडा की त्याने काहीच वाटत नाही. नळाच्या वायसरचा विचार करत दारात उभं राहिलेली दोन मिनिटं त्यात धरली असतील का, एवढंच माझ्या मनात आलं.

पण हे सगळं लिहून मी सुटत नाही, कारण तो नकाशा माझ्या हातून मी सोडतही नाही. मागच्या वर्षी मी तीन दिवस बाहेर होते तेव्हा नवऱ्याने मुलांना घेऊन कपड्यांचं कपाट लावलं. छान लावलं होतं खरं तर. मुलगा तर फुशारकीने दार उघडून दाखवत होता. मी “अरे वा” म्हणाले, आणि सोमवारी सगळे बाहेर पडल्यावर ते अख्खं कपाट रिकामं करून पुन्हा माझ्या पद्धतीने लावलं. संध्याकाळी कोणी काही बोललं नाही. पण त्यानंतर कपाटाला कोणी हात लावला नाही, आणि मी मात्र सहा महिने ‘या घरात कपाट फक्त मलाच दिसतं’ म्हणत फिरत होते.

ओटा नवा करून घेतला तेव्हा मी स्वयंपाकघरांविषयी अधाशासारखं वाचत होते, त्यात मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की भेटल्या. व्हिएन्नाच्या आर्किटेक्ट. १९२६ साली त्यांनी फ्रँकफुर्टमधल्या कामगार वस्त्यांसाठी एक स्वयंपाकघर आखलं, साधारण १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब. आज जे सलग ओटा, वर कपाटं, हाताशी ड्रॉवर असं सगळीकडे दिसतं त्याची आजी म्हणजे ते. बाईची किती पावलं वाया जातात ते घड्याळ लावून मोजलेलं, रेल्वेच्या डब्यातल्या स्वयंपाकघरावरून धडा घेतलेला, अॅल्युमिनियमचे छोटे खण एकाखाली एक, बसून काम करायला फिरतं स्टूल. जवळजवळ दहा हजार घरांत ते बसवलं गेलं. बायकांचा वेळ वाचावा, त्यांना स्वतःचं आयुष्य मिळावं, असा अगदी भला हेतू. आणि हे डिझाइन करेपर्यंत आपण कधी स्वयंपाकच केला नव्हता, हे बाईंनी पुढे स्वतःच सांगून टाकलं. मला त्या फार आवडल्या त्यासाठी. पण त्या स्वयंपाकघरावर नंतर जी टीका झाली ती वाचताना माझं हसू थांबलं. त्यात एकच माणूस मावायचं. दुसरं कोणी आत आलं की धक्काबुक्की. पावलं वाचली खरी, पण बाई आत एकटी आणि घर दाराबाहेर. मी माझ्या नव्याकोऱ्या ओट्याकडे बघितलं. तो तर चांगला मोठा आहे, तीन माणसं आरामात उभी राहतील. तरी त्यात एकटीच मावेल अशी व्यवस्था मी कुठल्याही आर्किटेक्टच्या मदतीशिवाय करून ठेवली होती.

सासूबाईंचं आणि माझं सुरुवातीपासून सभ्य होतं. सभ्य म्हणजे गार. दोघी एकमेकींना ‘राहू द्या, मी करते’ म्हणायचो, आणि त्या ‘राहू द्या’मध्ये काय काय असायचं ते बायकांना सांगायला नको. आणि चादरींवरून तर आमचं सरळसरळ युद्ध होतं. आमच्याकडे आधी चालत जवळ यायचं आणि मग हात जुळवायचे. त्यांच्याकडे आधी जागेवरच हात जुळवायचे, एकदा, दोनदा, चादर लांब पट्टी झाली की मग चालायचं. दोन्हीकडून शेवटी चौकोनच होतो. पण मी घडी केलेल्या चादरी त्या उलगडून पुन्हा करायच्या, आणि मी (आता कबूल करते) त्यांच्या उलगडून माझ्यासारख्या करायची. एकदा आमचं चांगलंच वाजलं, कशावरून ते आता आठवतही नाही, दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी दोरीवरून ती मोठी चादर काढली आणि एकटीने करायला गेले तर जमिनीला लागायला लागली. मी हात उंच करून, हनुवटीखाली एक कड धरून, काहीतरी कसरत करत होते. त्या आतून आल्या, लोंबणारी दोन टोकं उचलली आणि मागे सरकून उभ्या राहिल्या. काही बोलल्या नाहीत. मी त्यांच्या पद्धतीने हात जुळवले आणि नेमक्या त्याच वेळी त्या माझ्या पद्धतीने चालायला लागल्या, त्यामुळे मध्येच चादरीचा बोळा झाला. दोघींनाही हसायचं नव्हतं. पुन्हा मागे सरकलो, पुन्हा ताठ केली, तेव्हा त्या म्हणाल्या, “घट्ट धर.” दोन दिवसांतला पहिला शब्द.

समेट वगैरे काही झाला नाही. चादर तेवढी कपाटात गेली.

मग दीड वर्षापूर्वी त्या बाथरूमच्या दारात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, काही दिवसांनी घरी आणलं, आणि पहिल्याच रात्री अंथरूण ओलं झालं. मी आणि नवरा, दोघं शिकलेसवरलेले, दोघांना मिळून एक चादर बदलता येईना. त्याने खांद्याखाली हात घातला, मी पायांकडून उचलायला गेले, पाठीत लचक भरली, त्या ओरडल्या, तो घाबरून थांबला, आणि त्या मधल्यामध्ये अर्ध्या उचललेल्या, गाऊन वर गेलेला, डोळे घट्ट मिटून घेतलेले. तो चेहरा मला विसरायचाय. ताकद कमी पडली असं तेव्हा वाटलं. दुसऱ्या दिवसापासून दिवसभरासाठी एक मावशी यायला लागल्या, माझ्याहून वीतभर बुटक्या, हाडकुळ्या, आणि त्यांनी एकटीने पाच मिनिटांत ते काम केलं. मी तोंडात बोट घातल्यासारखी बघत राहिले.

त्या म्हणाल्या, उचलायचं नसतंच मुळी. माणूस लोळवायचं. दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी ठेवायची, म्हणजे ऑपरेशनचा पाय आत वळत नाही. मग एक हात खांद्यावर, एक कमरेवर, आणि कुशीवर घ्यायचं. पलीकडे दुसरं कोणी असेल तर त्याने धरून राहायचं. आता पाठीमागची अर्धी गादी मोकळी झाली. जुनी चादर त्या बाजूने गुंडाळत गुंडाळत पाठीपर्यंत न्यायची, तिथेच नवी चादर अर्धी अंथरून तिचीही उरलेली गुंडाळी पाठीला लावून ठेवायची, कड गादीखाली खोचायची. मग माणसाला त्या उंचवट्यावरून हळूच अलीकडे लोळवायचं. पलीकडच्याने जुनी ओढून काढायची, नवी ओढून घ्यायची, ताणायची. झालं. माणूस गादीवरून उठलं नाही, आणि खालची चादर बदलली. “जोर लावायचा नाही ताई, वजन वापरायचं,” असं म्हणत त्या स्वतः एक पाय पुढे, एक मागे ठेवून नुसत्या मागच्या पायावर झुकल्या आणि सासूबाई अलगद कुशीवर आल्या, झोक्यासारख्या. मग त्यांनी तळहात फिरवून अख्खी चादर चाचपली, डोळ्यांनी न बघता. एक सुरकुती राहिली तरी त्याच जागी कातडीला घासते, त्याचा बेडसोर होतो. म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा, आणि सुरकुती ठेवायची नाही.

पण मला त्याहून जास्त लक्षात राहिलं ते वेगळंच. मावशी हात लावायच्या आधी सांगायच्या. “आजी, आता कुशीवर घेते हं.” मग एक श्वास थांबायच्या. मग हात. प्रत्येक वेळी, शंभराव्या वेळीसुद्धा. मी पहिल्या रात्री त्यांना न सांगता उचलायला गेले होते, जणू त्या सोफ्याचा भाग होत्या. मावशींच्या त्या एका श्वासात सासूबाई स्वतः खांदा थोडा वळवायच्या, जेवढा वळेल तेवढा. म्हणजे काम दोघींनी केलं असं व्हायचं. डौल हा शब्द मी आजवर नाचाबिचासाठी ठेवला होता.

रात्रीची पाळी आमची. बारा, दोन, चार, सहा. मोबाइलचा गजर वाजला की पलंगाच्या एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला नवरा, दोघं अर्धे झोपेत. पहिला आठवडाभर आम्ही एकमेकांच्या हातावर हात आपटत होतो, एकदा तर मी जुनी ओढायच्या ऐवजी नवीच ओढून काढली आणि सासूबाई अंधारात म्हणाल्या, “आता गादी पण काढा.” पण मग जमायला लागलं. बोलायची गरज पडेना, तो झुकला की मी गुंडाळी सरकवायची, मी मान हलवली की त्याने ओढायचं. आणि मला हळूहळू दिसलं की तो माझ्यापेक्षा चांगलं करतोय. सुरकुती त्याला आधी सापडायची. डायपर संपत आलेत हे मला त्याने सांगितलं, मी त्याला नाही. लग्नानंतर पहिल्यांदा घरातली एखादी गोष्ट संपत आलीय हे मला बाहेरून कळत होतं. खूप विचार केला याचा. मला वाटतं या एका कामात आम्ही दोघंही शून्यातून सुरू केलं होतं. मी त्यात आधीपासून तरबेज नव्हते, त्यामुळे मी त्याच्या खांद्यावरून बघत नव्हते, त्याने लावलेलं पुन्हा लावत नव्हते. सासूबाईंचा पलंग हे एकच कपाट होतं जे माझं नव्हतं.

एका रात्री मात्र माझा तोल गेला. नवरा गावाला गेलेला, मुलाला ताप, दुसऱ्या दिवशी ऑफिसात प्रेझेंटेशन, आणि दोन वाजता बघते तर सगळं ओलं. मी काही न सांगता त्यांना कुशीवर फिरवलं आणि चादर ओढली, जोरात, झाकण आदळावं तशी. त्यांनी पलंगाची कड धरली. आवाज केला नाही. मी काम पुरं केलं, बाथरूममध्ये गेले, नळ सोडला आणि रडले. सकाळी त्यांच्याजवळ जाऊन कसंबसं म्हटलं, रात्री चुकलंच माझं. त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “मीही ओढली होती एकदा. माझ्या सासूची. त्यांनीही अशीच कड धरली होती.” आणि थोड्या वेळाने, “हे कोणाला सांगितलं नव्हतं.” सोळा वर्षं त्या मला आपली पद्धत शिकवत होत्या, आणि मला घेण्यासारखी सापडली ती ही एकच गोष्ट, जी त्यांनी शिकवायची म्हणून सांगितलीच नव्हती.

डोनाल्ड विनिकॉट नावाचे इंग्लंडमधले बालरोगतज्ज्ञ होते, मनोविश्लेषकही. १९५३ साली त्यांनी आईबद्दल एक शब्दप्रयोग वापरला तो पुढे फार गाजला, ‘पुरेशी चांगली’ आई. परिपूर्ण नाही, पुरेशी. बाळाला जेवढं पेलवेल तेवढं आईने हळूहळू कमी पडत जायचं असतं, त्यातूनच बाळाला कळतं की जग आपल्या रडण्यावर चालत नाही, असं काहीसं त्यांचं म्हणणं. रेडिओवर ते आयांशी बोलायचे, तुम्हाला येतं, तुमचं चाललंय ते ठीक आहे, अशा सुरात. मला हे वाचून बरं वाटतं आणि वैतागही येतो. बरं का वाटतं ते उघड आहे. वैताग असा की ‘पुरेशी’ कुठे संपते हे कुठल्याच आईला नेमकं सांगता येत नाही, लेक पलंगामागे जाऊन बसली की ते पुरेसं की कमी? शिवाय या गृहस्थांना स्वतःची मुलं नव्हती. स्वयंपाकघर आखणाऱ्या बाईंनी कधी स्वयंपाक केला नव्हता. घराबद्दल नीट विचार करायला बहुतेक घराच्या आवाजापासून थोडं लांब असावं लागतं, आम्हाला तेवढी जागा पलंग आणि भिंत यांच्यामध्येच मिळते.

तर लेकीचं ते वाक्य. त्या रात्री जेवताना मी विषय काढला, हसत हसतच, म्हटलं, ऐकलं का, या घरात म्हणे मी आवरायला लागले की सगळे पळून जातात. कोणी हसलं नाही. मुलगा ताटात बघत राहिला. मी विचारलं, गच्चीत काय करतोस रे? “काही नाही. थांबतो.” किती वेळ? “आवाज बंद होईपर्यंत.” नवरा म्हणाला, “एका रविवारी मी दोनदा आंघोळ केलीय.” हे ऐकून मात्र सासूबाई खुर्चीत इतक्या हसल्या की त्यांचा वॉकर सरकला. आता त्या वॉकर घेऊन जेवायच्या टेबलापर्यंत येतात. हसून झाल्यावर म्हणाल्या, “मला पळता येत नाही म्हणून, नाहीतर मी पण गेले असते.”

मी बदलले वगैरे म्हणणार नाही. मंगळवारीच सकाळी झाकण आदळलं. फरक एवढाच की आदळल्यावर ते मलाही ऐकू आलं, आणि मागोमाग आतल्या खोलीचं दार लागलेलंही. आधी ते दार ऐकूच यायचं नाही. ‘मी दमलेय, दोघं जण येऊन हे करा’ असं एक साधं वाक्य असतं, ते बोलायला मला भांड्यापेक्षा जास्त जोर लागतो, हेही कळलं. बुधवारी ते वाक्य बोलून बघितलं, पण इतक्या चढ्या आवाजात की मुलगा म्हणाला, “आई, झाकणच बरं.”

काल रविवार होता. आवरायला घ्यायच्या आधी मी दोरीवरची मोठी चादर काढली आणि ती खांद्यावर टाकून आतल्या खोलीत गेले. लेक अजून पलंगाच्या मागे गेली नव्हती, पण पुस्तक हातात तयार होतं. मी काही न बोलता दोन टोकं तिच्यापुढे धरली. तिने पुस्तक ठेवलं, थोडं संशयानेच. सासूबाई पलंगावर टेकून बसल्या होत्या. आम्ही मागे सरकलो, चादर ताठ झाली, मी मनगटाला झटका दिला, फट्ट, लाट गेली आणि तिच्या हातून एक टोक सुटलं. ती हसली. पुन्हा धरलं. तिच्या बाजूने चादर जमिनीला लागत होती म्हणून मी गुडघ्यात वाकले, तर पाठीतली जुनी लचक बोलली. मी म्हटलं, आता तू चालत ये माझ्याकडे. पलंगावरून आवाज आला, “आधी हात जुळव, मग चाल.” लेक एकदा माझ्याकडे, एकदा आजीकडे बघत मध्येच थांबली, अर्धी चालत, अर्धे हात जुळवलेले, आणि चादरीचा बोळा. मी म्हटलं, अहो, तिला आधी माझी पद्धत तर कळू द्या. त्या म्हणाल्या, तुझ्या पद्धतीने कडा जुळत नाहीत. मी म्हटलं, जुळतात. लेक म्हणाली, “दोन्ही पद्धती बंडल आहेत, मी दाखवते,” आणि सगळी चादर ओढून पलंगावर आजीच्या पायांवर पसरली. त्यावर आम्ही तिघीही एकदम बोलायला लागलो. तेवढ्यात मुलगा दारात डोकावला, त्याने आम्हा तिघींकडे बघितलं, “आवरणं चालू झालं का?” असं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता गच्चीत गेला.